मागच्या डाव्या चाकाचा आवाज

पाटणकरसाहेबांना ऐकताना कान कोरायची सवय होती. समोरचा माणूस बोलायला लागला की ते खणातून आगकाडी काढायचे, तिचं गूल मोडून टाकायचे आणि काडी कानात फिरवायचे. मग ती उजेडाकडे धरून टोकाला काय आलंय ते निरखायचे. माझी पहिली तक्रार त्यांनी अशीच ऐकली. मी सांगत होतो, मिनीबसच्या मागच्या डाव्या चाकातून आवाज येतोय. आणि ते काडीचं टोक बघत होते.

"जुन्या गाडीला आवाज येणारच, पुंजाराम," ते म्हणाले आणि काडी टेबलाच्या कडेला पुसली. त्याच कडेवर हात टेकून मी उभा होतो. मी हात काढला. बाहेर नळावर जाऊन धुतला. त्या दिवशी कॅन्टीनमध्ये जेवण गेलं नाही.

ही सत्त्याऐंशी सालची गोष्ट. मी येवल्याकडचा. आधी मालट्रकवर क्लीनर होतो, मग ड्रायव्हर झालो, आणि आठ वर्षांपासून तारापूर एमआयडीसीतल्या रंगाची पावडर करणाऱ्या एका कंपनीत कामगारांच्या गाडीवर होतो. कृष्णकांत पाटणकर तिथले प्रशासन अधिकारी. गाड्या, कॅन्टीन, गेट, सगळं त्यांच्या हातात. माझं काम एवढंच, की सकाळी सव्वासहाला पालघर स्टेशनवरून निघायचं, उमरोळीला चार माणसं घ्यायची, बोईसर नाक्यावर सहा, आणि सातच्या आत सगळ्यांना गेटमध्ये सोडायचं. गाडी अठरा माणसांची, बसायची पंचवीस. एमआयडीसीत शिरलं की रस्त्याच्या कडेनं उघडं गटार लागायचं. पाणी कधी पिवळं, कधी जांभळं, वर फेस, आणि सडक्या अंड्यांचा वास. नवा कामगार नाकाला रुमाल लावायचा. महिन्याभरानं रुमाल खिशात जायचा. मला मात्र त्या वासाची सवय कधी झाली नाही.

आवाज पहिल्यांदा ऐकला तो मी नव्हे, ठमीनं.

ठमी मासवणच्या पलीकडच्या पाड्यावरची. पंचविशीची वारली बाई. ठेकेदारामार्फत कंपनीत झाडलोट करायची, पालघरला झोपडं बांधून राहायची, आणि भाताच्या लावणीला महिनाभर घरी जायची. मिनीबसमध्ये मागच्या डाव्या चाकावर पत्र्याचा उंचवटा होता. तिथं पाय धड ठेवता यायचे नाहीत, म्हणून ती जागा कोणी घेत नसे. ती ठमीची.

"डायवरदादा," एक दिवस उतरताना ती म्हणाली, "माझ्या बुडाखाली कोनतरी जातं फिरवतंय. नि जात्यात दाणं नाय."

सगळे हसले. मीही हसलो. आज आठवलं की त्या हसण्याची लाज वाटते, कारण तिनं जे सांगितलं त्याहून नेमकं मला पुढे महिनाभर कोणालाच सांगता आलं नाही. रिकामं जातं फिरवलं की दगडावर दगड घासतो. तोच आवाज होता तो. मी पुढं इंजिनाच्या मांडीला मांडी लावून बसणारा. मला तो ऐकूच येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी रिकाम्या फेरीत मी खिडक्या उघड्या ठेवून कान दिला. घरघर होती. वेग वाढवला की वाढायची, कमी केला की उतरायची. एका उतारावर गिअर काढून गाडी नुसती सोडून दिली, तरी घरघर तशीच. म्हणजे इंजिनातून नाही, गिअरपेटीतून नाही, चाकातून. मग उजवीकडे वळण घेतलं. गाडीचा भार डाव्या अंगावर गेला आणि आवाज एकदम चढला. डावीकडे वळलो, तर दबला. गाडी थांबवून मी एकेका चाकाच्या मधोमध हात लावून पाहिला. तीन कोमट होती. मागच्या डाव्याला हात ठेववेना.

बोईसरला तारापूर रस्त्यावर विश्रामचं गॅरेज होतं. पत्र्याचं शेड, पुढं तेलानं काळी झालेली जमीन. विश्राम माझा मित्र, आणि खरं बोलणारा मिस्त्री. त्यामुळं त्याच्याकडे गिऱ्हाईक कमी. त्यानं चाक जॅकवर उचललं, वर-खाली धरून हलवलं. चाक पडायला आलेल्या दातासारखं हललं.

"बेअरिंग गेलंय," तो म्हणाला. "आज बदललं तर दुपारपर्यंत काम होईल."

"साहेबांच्या सहीशिवाय नाही करता येत."

"मग ऐक. घरघर एकसारखी आहे तोवर ते मरतंय. ज्या दिवशी आवाज तुटक होईल, ठक-ठक व्हायला लागेल, त्या दिवशी ते मेलं. मग एक्सल धरायला आत काही राहत नाही, एक्सलसकट चाक बाहेर येतं. गाडी जिथं असेल तिथं उभी कर. माझ्यापर्यंतसुद्धा आणू नकोस. मी येईन."

गाडीची एक वही असायची, तिच्यात ड्रायव्हरनं बिघाड लिहायचा. मी लिहिलं, 'मागील डावे चाक, आवाज, बेअरिंग खराब, ताबडतोब बदलणे.' तारीख घातली. संध्याकाळी वही परत आली. खाली लाल शाईत पाटणकरसाहेबांची सही, आणि सहीवर एकच शब्द: 'पाहिले.' आठवड्यानं पुन्हा लिहिलं. पुन्हा 'पाहिले.' पाच वेळा लिहिलं. आवाजाची तक्रार हा माणूस पाच वेळा पाहून मोकळा झाला.

गाडीतली माणसंही त्या आवाजाला सरावली. कुंभवलीचा प्रताप नावाचा ऑपरेटर पालघरहून, बहिणीच्या घरून यायचा. तो मोठ्या आवाजात गाणी म्हणायचा आणि बाकीचे टाळ्या वाजवायचे. गाण्यात घरघर बुडून जायची. एकटी ठमी पाय पोटाशी घेऊन त्या उंचवट्यावर बसायची आणि आरशात माझ्याकडे बघायची.

ऑक्टोबरात मालकांच्या गाडीतून आवाज आला.

मालक कुटुंबासह केळव्याला दोन दिवस राहून आले होते. परत आल्यावर बाईसाहेबांनी सांगितलं की पांढऱ्या अँबॅसिडरमध्ये मागून काहीतरी धपकन आपटतं. झालं. सगळी कंपनी हलली. मुंबईहून दोन मिस्त्री आले. त्यांनी मागची सीट काढली, खालचे रबर बदलले, स्प्रिंगचे पाटे आवळले. आवाज गेला नाही. उलट गाडीत वास यायला लागला. तेव्हा कोणीतरी साहेबांना माझं नाव सांगितलं.

"पुंजाराम, तुझे कान तिखट आहेत म्हणे," पाटणकरसाहेब म्हणाले. स्वतः गाडीत माझ्या शेजारी बसले.

मी आवारात एक चक्कर मारली. सरळ रस्त्यावर आवाज नव्हता. खड्ड्यातही नव्हता. ब्रेक मारला की एकदा धप्प, वळलं की एकदा धप्प. चाकाचा आवाज असा सवडीनं येत नाही. आत काहीतरी मोकळं लोळत होतं. मी डिकी उघडली, स्टेपनी बाजूला सरकवली. तिच्यामागच्या खोबणीत शहाळं होतं. केळव्याच्या वाडीतलं, पंधरा दिवसांचं, काळं पडलेलं. उचललं तसं ते माझ्या हातात फुटलं. आतलं सडकं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत आलं, शर्टात शिरलं.

साहेब नाकाला रुमाल लावून मागं सरकले आणि हसायला लागले. "शाबास! मुंबईच्या मिस्त्र्यांना जमलं नाही ते तू पाच मिनिटांत केलंस. मालकांना सांगतो मी."

शहाळं हातात धरूनच मी म्हणालो, "साहेब, याच कानांनी सांगतोय. मिनीबसचं बेअरिंग गेलंय. पंचवीस माणसं बसतात. चाक निघेल."

त्यांचं हसू गेलं. "प्रत्येक वेळी तेच आणू नकोस. मालकांची गाडी ती मालकांची गाडी. ते फेक आधी, वास मारतोय."

मी ते गटारात फेकलं. साबण लावून तीनदा हात धुतला, तरी दोन दिवस तो वास बोटांना होता. घास तोंडाजवळ नेला की यायचा. पण खरं सांगायचं तर ओकारी आली ती त्या वासानं नाही. ज्या माणसानं माझे कान चांगले म्हणून पाठ थोपटली, तोच दुसऱ्या क्षणाला त्याच कानांना खोटं ठरवत होता, आणि त्यात आपण काही वावगं करतोय हे त्याच्या गावीही नव्हतं.

नोव्हेंबरातला गुरुवार होता. सात वाजत आले होते, त्या दिवशी उशीर झाला होता. बोईसर नाका मागं टाकून आम्ही एमआयडीसीत शिरलो होतो. घरघर चालूच होती, प्रतापचं गाणंही. आणि मग माझ्या पाठीमागं आवाज तुटला. ठक. थोड्या वेळानं ठक, ठक. आता तो माझ्यापर्यंत यायला लागला होता. सीटमधून, पाठीच्या कण्यातून.

मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, खाली उतरून मागं गेलो. चाकाजवळ जळक्या ग्रीसचा वास होता. चाकाच्या मधून काळं तेल ओघळत होतं, आणि चाक आतल्या बाजूला कलल्यासारखं दिसत होतं. मी दार उघडून म्हणालो, "सगळे उतरा. गाडी पुढं जाणार नाही."

कोणी हललं नाही.

"ओ पुंजारामभाऊ, दीड किलोमीटर राहिलंय," प्रताप म्हणाला. "सात दहाला गेट बंद होतं. चालत पोचणार कसे?"

"चालत नाही पोचलात तर घरी जा. चाक निघतंय."

"महिनाभर निघतंयच की ते!" मागून कोणीतरी म्हणालं. दुसऱ्यानं पत्र्यावर थाप मारली. "डायवरची नाटकं! साहेबाशी भांडण नि आमची हजेरी जाते!"

ज्यांच्यासाठी मी पाच वेळा वहीत लिहिलं, ज्यांच्यासाठी साहेबांची काडी बघत उभा राहिलो, तेच मला शिव्या देत होते. प्रताप खाली उतरून माझ्यासमोर आला. त्याच्या काकाचा टेम्पो होता; गाडी त्याला चालवता यायची. त्यानं हात पुढं केला.

"द्या किल्ली. मी हळू नेतो. तुमच्या अंगावर नाय येऊ देत."

मला त्या सगळ्यांचा वीट आला होता. त्या गाडीचा, गटाराचा, साहेबांच्या लाल शाईचा. मनात म्हटलं, मरा. शब्द तोंडून बाहेर आला नाही, पण मनात हाच आला. मी किल्ली त्याच्या हातावर ठेवली. "घे. तूच मालक."

ठमी पायरीवर आली होती. एक पाय खाली, एक वर. "दादा, उतरू का मी?"

गेल्या आठवड्यात उशीर झाला म्हणून तिला गेटवरून दोनदा परत पाठवलं होतं, हे मला माहीत होतं. मी एवढं म्हणायला हवं होतं, उतर. तीन अक्षरी शब्द. पण मी रागात होतो.

"तुझं तू बघ," मी म्हणालो.

तिनं खालचा पाय वर घेतला. मग आत गेली आणि आपल्या जागेवर, त्या उंचवट्यावर बसली. गाडी सुटली. मी रस्त्यात उभा होतो.

दोन-अडीचशे पावलं गेली असेल. ठकठक बंद झाली आणि पत्रा फाटल्यासारखा आवाज आला. चाक एक्सलसकट बाहेर आलं, गाडीला मागं टाकून एकटंच पुढं धावत गेलं आणि कुंपणावर आपटलं. गाडी डाव्या अंगावर बसली, घसरत गेली आणि गटारात कलंडली.

मी धावलो. मागचं दार उघडून एकेकाला बाहेर ओढायला लागलो. पाणी त्या दिवशी जांभळं होतं. माणसं जांभळी होऊन बाहेर येत होती, खोकत, थुंकत, डोळे चोळत. काही जण आपले डबे शोधत होते. दोघं जण तर उठले, कपडे पिळले आणि गेटच्या दिशेनं पळत सुटले. हजेरी लावायला. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. चीड यायला हवी होती, पण आली ती किळस. आणि ती त्यांच्यावरून फिरून माझ्यावरच आली.

ठमी सगळ्यात शेवटी निघाली. तिचा डावा पाय वाकलेला पत्रा आणि गटाराचा दगडी काठ यांच्यामध्ये सापडला होता. पाणी हनुवटीपर्यंत. ती ओरडत नव्हती. ते पाणी तोंडात जाऊ नये म्हणून तिनं ओठ घट्ट मिटून घेतले होते, आणि नाकानं जोरजोरात श्वास घेत होती. प्रतापच्या कपाळातून रक्त येत होतं, तरी त्यानं आणि मी पहारीनं पत्रा उचलला. तिला बाहेर काढल्यावर तिनं आधी ओकून घेतलं, मग बेशुद्ध पडली.

बाकीच्यांना खरचटलं, कोणाचा हात मोडला. मेलं कोणी नाही. पण ठमीची जखम त्या पाण्यानं चिघळली. आठव्या दिवशी तिचं पाऊल घोट्याच्या वरून कापावं लागलं.

अपघाताच्या तिसऱ्या दिवशी पाटणकरसाहेबांनी मला बोलावलं. टेबलावर टाईप केलेला कागद होता. मी लघवीला उतरलो असताना प्रतापनं किल्ली हिसकावली आणि गाडी बेदरकारपणे पळवली, असं त्यात लिहिलं होतं. गाडीत कसलाही बिघाड नव्हता, असंही होतं.

"सही कर. तू सुटलास," ते म्हणाले.

"साहेब, वहीत पाच वेळा लिहिलंय."

"कुठली वही?" त्यांनी खणातून एक वही काढून पुढं सरकवली. कोरी करकरीत होती. अजून पुठ्ठ्याला खळीचा वास होता. मग त्यांनी आगकाडी काढली, गूल मोडलं आणि काडी कानात घातली. माझ्या उत्तराची वाट बघत ते डोळे अर्धे मिटून कान कोरत बसले.

मी कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूला माझ्या हातानं लिहिलं. कोणत्या आठवड्यात काय तक्रार केली, विश्राम मिस्त्रीनं काय सांगितलं, साहेबांनी काय उत्तर दिलं. शेवटी लिहिलं: 'किल्ली प्रतापने हिसकावली नाही. गाडी धोक्याची आहे हे माहीत असून मी ती स्वतःच्या हाताने त्याला दिली.'

साहेबांनी वाचलं. पहिल्यांदाच त्यांनी काडी खाली ठेवली. "गाढवा, यात तूच अडकतोस!"

"हो," मी म्हणालो.

तेच पुन्हा एकदा लिहून मी पोलिसांना दिलं. मला कामावरून काढलं, प्रतापलाही काढलं. विश्रामनं जबानी दिली. चौकशी दोन वर्षं चालली, तारखा पडल्या, आणि मग ती कुठं विरली ते कळलं नाही. ठेकेदारानं ठमी आपल्या हजेरीपटावर नव्हतीच म्हणून हात वर केले. पाटणकरसाहेब वरच्या जागेवर दुसऱ्या कंपनीत गेले. निरोपसमारंभाला जेवणात बासुंदी होती, असं कोणीतरी सांगत आलं. मी ऐकून उठून गेलो.

विश्रामनं मला गॅरेजात घेतलं.

अपघातानंतर दोन महिन्यांनी, जानेवारीत, मी ठमीकडे गेलो. त्याआधी दोनदा निघालो होतो आणि पालघरच्या एसटी स्टँडवरून परत फिरलो होतो. मासवणला उतरून तासभर चाललो. कुडाच्या झोपडीपुढं ती बसली होती, पाय चटईवर सरळ पसरून. एका पायाला पाऊल नव्हतं. टोकाला फडकं गुंडाळलं होतं. आई शेतावर गेलेली. मांडीवर सूप घेऊन ती वाल निवडत होती.

तिनं मला पाहिलं आणि पुन्हा सुपात मान घातली.

मी जरा लांबच बसलो. काय बोलावं ते वाटेत ठरवलं होतं, ते सगळं आटलं. शेवटी म्हणालो, "ठमे, मी सगळ्यांना सांगितलं होतं. चाक निघतंय म्हणून. तूही ऐकलंस."

"सांगलां तुमी," ती म्हणाली. "मंग किल्ली का दिली?"

मी खाली बघून चपलेवरची धूळ झटकली.

"मी इचारलां, उतरू का. तुमी काय बोललां?"

"तुझं तू बघ, म्हणालो."

"आमाला कोनी कंदी काय बघू दिलंय का?" ती वर न बघता म्हणाली. सुपातला एक किडका दाणा तिनं उचलून लांब फेकला. "तुमी उतर बोललां असतां तर मी उतरली असती. तुमचंच ऐकाय उभी होती मी."

अंगणात कोंबड्या त्या किडक्या दाण्याकडे धावल्या. मी उठलो. हात जोडावेत असं वाटलं, पण तेही घाणेरडं वाटलं. जोडलेले हात घेऊन मी काय करणार होतो, आणि ती तरी त्यांचं काय करणार होती?

"चाललां?" तिनं विचारलं.

"हो."

"तां लाकडां पडल्येत. आयेला फोडवत नाय आता." तिनं हनुवटीनं झोपडीच्या बाजूला दाखवलं. "कुऱ्हाड आत हाय."

मी शर्ट काढून कुडाला अडकवला आणि कुऱ्हाड घेतली. लाकूड ऐनाचं, चिवट. दुपारच्या उन्हापासून शेवटच्या एसटीची वेळ होईपर्यंत मी फोडत होतो. तळहाताला फोड आले, त्यातले दोन फुटले. ठमीनं मध्ये एकदा पाण्याचा तांब्या माझ्या दिशेनं सरकवला. पण तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

पुढच्या महिन्यात मी पुन्हा गेलो. तिनं काही न विचारता कुऱ्हाड दाखवली.